रुग्ण बोलता असतानाच धर्मगुरूंना बोलवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अतिदक्षता विभागातील रुग्णांना भेटण्यासाठी नातेवाइकांना किती वेळ मिळावा, यावर आपल्या वृत्तपत्राच्या पत्रस्तंभात अलीकडे काही वाचकांनी लिहिले आहे. ती पत्रे मी लक्षपूर्वक वाचली. त्यांत नातेवाइकांचा विचार झाला, डॉक्टरांच्या अडचणींचा झाला, संसर्गाचाही झाला. परंतु कॅथलिक रुग्ण ज्यांच्यासाठी पुष्कळदा दाराकडे डोळे लावून पडलेला असतो, त्या धर्मगुरूंचा उल्लेख कोठेच आला नाही. मी ३३ वर्षे सरकारी आणि खासगी रुग्णालयांत परिचारिका म्हणून काम केले, आता वेंगुर्ले तालुक्यातील माझ्या गावी राहते आणि मी स्वतः कॅथलिक आहे. खाटेच्या दोन्ही बाजूंना उभे राहिल्यामुळे जे दिसले ते लिहीत आहे. यातला काही भाग माझ्या समाजबांधवांसाठी आहे, काही रुग्णालयांसाठी, आणि थोडा आमच्या धर्मगुरूंसाठीही.

प्रथम बिगरख्रिस्ती वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण देते. कोकणात मरणाऱ्याच्या मुखात गंगाजल आणि तुळशीपत्र घालतात, हे मी वॉर्डात शेकडो वेळा पाहिले आहे, आणि माझ्या हिंदू सहकारी परिचारिका त्यासाठी तांब्याची छोटी लोटी कपाटात जपून ठेवत असत. फादर येऊन कपाळाला तेल लावतात ते याच जातीचे काहीतरी, अशी त्यांची समजूत होती. ती अगदीच चुकीची नव्हती, पण नेमकीही नव्हती. गंभीर आजारात कॅथलिक माणसाला एक नव्हे तर तीन संस्कारांचा आधार असतो. पहिला पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापे सांगून क्षमा मागण्याचा, ज्याला आमच्याकडची जुनी माणसे कुमसार म्हणतात. दुसरा आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा. तिसरा ख्रिस्तशरीराचा, म्हणजे उपासनेत धर्मगुरूंनी पवित्र केलेली भाकर स्वीकारण्याचा, जो मृत्यू समोर दिसत असताना घेतला की त्याला लॅटिनमध्ये ‘व्हियाटिकम’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ प्रवासासाठी बरोबर दिलेली सामग्री असा आहे, म्हणजे आपल्या मराठीत सरळ शिदोरी. खऱ्या अर्थाने शेवटचा संस्कार कोणता असेल तर तो ही शिदोरी होय, तेल नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते १९६५ या काळात रोममध्ये भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने, हा क्रम पुन्हा नीट लावून दिला: आधी पापनिवेदन, मग अभ्यंग आणि अखेरीस ख्रिस्तशरीर.

आता माझा मुद्दा. या तिघांपैकी तेल बेशुद्ध माणसालाही लावता येते. शुद्धीत असता तर त्याने ते मागितले असते एवढे पुरेसे असते. परंतु ख्रिस्तशरीर स्वीकारायला गिळता आले पाहिजे, आणि पापनिवेदनासाठी माणूस भानावर असला पाहिजे. बोलता येत नसेल तर मानेचा होकार किंवा हाताचा दाबही चालतो. बेशुद्धावस्थेतही धर्मगुरू पापक्षमेची प्रार्थना म्हणू शकतात. पण त्या माणसाला स्वतःच्या तोंडाने जे सांगून मोकळे व्हायचे होते ते मात्र त्याच्याजवळच राहते. म्हणून जे कुटुंब अखेरचा श्वास लागेपर्यंत थांबते, ते आपल्या माणसाच्या वाट्याच्या तीन गोष्टींपैकी दोन, मायेपोटीच, काढून घेते.

हे मी उपदेश म्हणून लिहीत नाही, कारण आमच्या घरात नेमके हेच घडले. माझ्या वडिलांना फुफ्फुसाचा विकार होता आणि तो बरा होणारा नाही हे आम्हा भावंडांना काही महिने आधीच कळले होते. मी गावी येऊन फादरांना बोलावण्याचे काढले तेव्हा थोरले भाऊ म्हणाले की बाबा घाबरतील, त्यांचा धीर सुटेल. मी परिचारिका असूनही गप्प बसले, कारण तीच भीती माझ्याही मनात होती. आमच्या वाडीत एक वाक्य लहानपणापासून ऐकलेले आहे: ‘पाद्री घरात इलो म्हणजे माणूस चललो.’ एका रात्री बाबांना धाप लागली, त्यांना जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या रुग्णालयात हलवले आणि पहाटेपर्यंत ते व्हेंटिलेटरवर होते. मी मुंबईहून रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरून तेथे पोहोचले, तोवर त्यांना गुंगीच्या औषधांखाली ठेवलेले होते. फादर आले ते दुपारी. भेटीची वेळ संध्याकाळची म्हणून ते दोन तास जिन्याजवळच्या बाकावर बसून राहिले. शेवटी त्यांनी बाबांच्या कपाळाला तेल लावले, आम्ही प्रार्थना म्हटली, आणि तिसऱ्या दिवशी बाबा गेले. मातीनंतर शेजारच्या काकी माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘बापूस तुजो माका दोनदा इचारीत होतो, फादर कधी येतले म्हणान.’ बाबांचे आणि त्यांच्या धाकट्या भावाचे बांधावरून वीस वर्षे बोलणे नव्हते. त्यांना कुमसार करायचा होता की नुसते फादरांशी बोलायचे होते, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. जे घाबरतील म्हणून आम्ही जपत होतो ते घाबरलेले नव्हतेच, घाबरलो होतो आम्ही.

ही भीती आली कोठून, याचा पुढे मी शोध घेतला. बायबलमधील याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात सांगितले आहे की कोणी आजारी असेल तर त्याने ख्रिस्तसभेच्या वडिलांना बोलवावे, आणि त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. यात बोलावणारा आजारी माणूस स्वतः आहे, म्हणजे तो बोलता आहे. शब्द ‘आजारी’ असा आहे, ‘मरणासन्न’ असा नाही. पहिल्या काही शतकांत हा विधी आजाऱ्यांसाठीच होता. पोप पहिले इनोसंट यांच्या ४१६ सालच्या पत्रात तर बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल सामान्य श्रद्धावंतही आजारपणात वापरू शकत असल्याचा उल्लेख आहे. मध्ययुगात हा संस्कार हळूहळू मृत्युशय्येकडे सरकत गेला आणि बाराव्या शतकापासून ‘अखेरचा अभ्यंग’ हेच नाव रूढ झाले. तरीदेखील १५५१ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, रुग्ण बरा होऊन पुन्हा संकटात सापडला तर त्याला तो पुन्हा देता येतो, असे स्पष्ट म्हटले होते. मरणाशी लागलेली ही गाठ सोडवण्याचे काम दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने केले. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनाविषयक दस्तऐवजात, या संस्काराला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य आहे आणि तो केवळ अखेरच्या घटकेला पोहोचलेल्यांसाठी नाही, असे नमूद केले. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे माणूस धोक्यात येऊ लागला की योग्य वेळ आलीच, असे तो दस्तऐवज सांगतो. हे ‘येऊ लागला की’ मला फार महत्त्वाचे वाटते. आम्ही मात्र धोका संपून मृत्यू दारात आल्यावर फादरांचा नंबर शोधतो. परिषदेला साठ वर्षे उलटून गेली, आमच्या वाडीतले वाक्य अजून तेच आहे.

पुढे पोप सहावे पॉल यांनी ३० नोव्हेंबर १९७२ रोजी या संस्काराचा विधी सुधारला. त्यापूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय अशा सगळ्या इंद्रियांना तेल लावत. आता कपाळ आणि दोन्ही हात यांनाच लावतात, आणि निकड असेल तर कपाळावर एकदाच लावले तरी भागते. ऑलिव्हचे तेल मिळत नसेल तर कोणतेही वनस्पतिजन्य तेल चालते. नारळाच्या मुलखातल्या आम्हाला ही सवलत मोठी वाटते, जरी प्रत्यक्षात ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातील मिस्सेत, म्हणजे चर्चमधील उपासनेत, बिशपांनी आशीर्वादित केलेले तेलच धर्मग्रामांत, म्हणजे गावोगावच्या चर्चमध्ये, येते. तेल लावताना धर्मगुरू जे शब्द म्हणतात त्यांचा आशय असा, की प्रभूने आपल्या प्रेमाने आणि करुणेने पवित्र आत्म्याच्या कृपेद्वारे तुला साहाय्य करावे, तुला पापांतून मुक्त करून तारावे आणि उठवून उभे करावे. ‘उठवून उभे करावे’ हे शब्द मृत्यूच्या निरोपाचे नाहीत, हे कोणाच्याही लक्षात येईल.

माझ्या सासूबाईंच्या वेळी मी शहाणी झाले होते. वयाच्या ७९ व्या वर्षी त्या अंगणात पाय घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रिया ठरली. त्या वयात भूल देणे जोखमीचे होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी फादरांना घरी बोलावले. सासूबाईंनी आम्हाला सगळ्यांना खोलीबाहेर काढून अर्धा तास कुमसार केला, मग तेल घेतले, ख्रिस्तशरीर घेतले आणि रात्री पेज मागून प्यायल्या. त्यानंतर त्या पाच वर्षे जगल्या, काठी टेकत रविवारच्या मिस्सेला जात राहिल्या, आणि कोणी विचारले तर म्हणत, ‘तेल लावलेली बिजागरी करकरत नाय गो!’ शेवटच्या आजारात त्यांना पुन्हा तेल मिळाले. आजार बळावला किंवा नवा आला तर संस्कार पुन्हा घेता येतो, हे आमच्यातही पुष्कळांना ठाऊक नाही. त्यांना वाटते, की एकदा तेल लागले म्हणजे परतीचे दोर कापले.

आता रुग्णालयांविषयी. येथे आधी माझीच एक चूक कबूल करते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, रात्रपाळीला असताना, भेटीची वेळ संपली आहे या कारणाने मी एका धर्मगुरूंना पुरुषांच्या वॉर्डाच्या दारातून परत पाठवले. आत एक मच्छीमार गृहस्थ होते. नियम नियम आहे, असे मी म्हणाले. ते गृहस्थ पहाटे गेले. त्या रात्री मला कोणी वरिष्ठांनी अडवले नव्हते. दार उघडण्याचा अधिकार माझ्याच हातात होता.

म्हणून परिचारिकांना आणि डॉक्टरांना मी आतली माणूस म्हणून सांगते, की या विधीने तुमच्या कामात काहीही अडथळा येत नाही. तेल लावण्यास दोन मिनिटे लागतात, सगळा विधी दहा-पंधरा मिनिटांचा असतो आणि गरज पडल्यास धर्मगुरू तो आटोपशीर करतात. रुग्णाच्या एका हाताला सलाइनची सुई असेल तर दुसऱ्या हाताला तेल लावता येते. संसर्गाचा धोका असेल तर धर्मगुरूने स्वतःच्या बोटाऐवजी कापसाचा बोळा किंवा तत्सम साधन वापरण्यास चर्चचा कायदा परवानगी देतो. घन पदार्थ गिळता येत नसेल तर पवित्र द्राक्षरसाचा थेंबही ख्रिस्तशरीराइतकाच पूर्ण मानला जातो; अर्थात गिळणे सुरक्षित आहे की नाही, हे धर्मगुरूंनी परिचारिकेलाच विचारावे. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. घरी फादर यायचे म्हणजे टेबलावर पांढरा कपडा, खुरीस (क्रूस), पवित्र पाणी आणि पेटती मेणबत्ती मांडण्याची आमची रीत आहे. ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेजवळ ही मेणबत्ती पेटवू नये. एकदा एका म्हाताऱ्या आजींनी हट्टाने ती पेटवायला घेतली तेव्हा मला अक्षरशः हात धरावा लागला. मेणबत्तीवाचून संस्कारात काही उणे राहत नाही.

रुग्णालयांना माझी दुसरी विनंती पडद्याची आहे. पापनिवेदन हे पूर्ण गुप्त असते. धर्मगुरू त्यातला एक शब्दही कोणाला, अगदी न्यायालयालाही, सांगू शकत नाहीत. सामान्य वॉर्डात दोन खाटांमध्ये हातभर अंतर असते आणि शेजारच्या रुग्णाचे नातेवाईक कुतूहलाने पाहत असतात. पाच मिनिटे पडदा ओढून घेतला आणि आम्ही परिचारिका थोड्या दूर सरलो, की रुग्णाला बोलता येते.

शेजारच्या खाटेवरून अलीकडे आणखी एक शंका येते आणि ती टाळून चालणार नाही. झगा घातलेला माणूस रुग्णाजवळ पुटपुटताना दिसला की ‘हे धर्मांतर तर नव्हे?’ अशी कुजबुज होते. एका ठिकाणी सुरक्षारक्षकाने धर्मगुरूंना त्यावरून अडवल्याचे मी पाहिले आहे. हा संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांनाच देता येतो. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला धर्मगुरूंची इच्छा असली तरी तो देता येत नाही. शेजारच्या रुग्णाने आपणहून प्रार्थनेची विनंती केली तर धर्मगुरू त्याच्यासाठी देवाकडे मागणे मागतील, तेवढेच. रुग्णालयात दाखल होताना केसपेपरवर धर्माचा रकाना असतोच. त्याच्या खाली ‘गंभीर प्रसंगी कोणाला कळवावे’ यात नातेवाइकाबरोबर रुग्णाच्या इच्छेने धर्मगुरूंचे, भटजींचे किंवा मौलवींचे नाव आणि फोन लिहून ठेवला, तर रखवालदारालाही प्रश्न पडणार नाही, आणि ही सोय सर्वांनाच उपयोगी पडेल.

वेदनाशामक औषधे आणि कृत्रिम श्वसन यांबद्दलही कॅथलिक कुटुंबांत मोठा गोंधळ असतो, आणि तो वॉर्डात आमच्यापुढेच येऊन आदळतो. मॉर्फिन दिले तर पाप लागेल का, व्हेंटिलेटर नको म्हटले तर आपण मारले असे होईल का, हे प्रश्न मला मध्यरात्री विचारले गेले आहेत. चर्चची शिकवण याबाबत पुरेशी स्पष्ट आहे. मृत्यू घडवून आणण्याच्या हेतूने काही करणे तिला मान्य नाही. परंतु फारसा उपयोग नसलेले, रुग्णाला असह्य भार होणारे उपचार थांबवणे म्हणजे हत्या नव्हे, तर मृत्यू आपल्याला टाळता येत नाही हे मान्य करणे होय. वेदना शमवणारे औषध, त्यामुळे आयुष्य थोडे कमी होण्याची शक्यता असली तरी, मृत्यू हा हेतू नसेल तर देता येते. पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना १९५७ मध्येच ही भूमिका मांडली होती. आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत किंवा होऊ नयेत याची आगाऊ लेखी इच्छा नोंदवण्यास मान्यता दिलेली आहे, आणि २०१४ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील दुरुस्तीमुळे वैद्यकीय वापरासाठी मॉर्फिन मिळण्याची वाट सोपी झाली. बारावे पायस यांनी त्याच भाषणात एक सावधगिरीही सांगितली होती, जी माझ्या मुद्द्याशी जोडलेली आहे: गंभीर कारणावाचून माणसाची शुद्ध हिरावून घेऊ नये, कारण त्याला काही कर्तव्ये पार पाडायची असतात. गुंगीचे औषध चढवण्याआधी डॉक्टर ज्याप्रमाणे नातेवाइकांची सही घेतात, त्याप्रमाणे ‘तुम्हाला कोणाला बोलवायचे आहे का?’ एवढे रुग्णाला विचारावे. शक्य असेल तेथे अर्धा तास थांबावे. जेथे थांबता येत नाही तेथे थांबू नये, हेही मी परिचारिका म्हणूनच सांगते.

आता आमच्या धर्मगुरूंविषयी दोन शब्द, आदर राखून. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. इकडे वसईसारखी दाट ख्रिस्ती वस्ती नाही. वाड्या विखुरलेल्या, मधे खाड्या आणि घाट, पावसाळ्यात झाडे पडून बंद होणारे रस्ते आणि एकेका धर्मगुरूकडे कित्येक मैलांवरची चार-चार चॅपेल्स. रात्री दोन वाजता भर पावसात दुचाकीवरून रेनकोटात येणारे फादर मी पाहिले आहेत. परंतु फोन न उचलणारेही पाहिले आहेत, आणि ‘उद्या सकाळी येतो’ हे उत्तर मी माझ्या कानांनी ऐकले आहे. चर्चच्या कायद्यात मरणाच्या धोक्यात असलेल्या माणसासाठी सगळी दारे उघडी ठेवलेली आहेत: अशा वेळी कोणताही धर्मगुरू, त्याला एरवी पापनिवेदन ऐकण्याची परवानगी नसली तरी, पापक्षमा देऊ शकतो. मग शेजारच्या तीन-चार धर्मग्रामांनी मिळून रात्रीच्या फोनसाठी पाळी लावायला काय हरकत आहे? आम्ही परिचारिका ती आयुष्यभर लावत आलो.

तैलाभ्यंग फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. उपधर्मगुरू किंवा सामान्य माणसांना तो देता येत नाही, हे रोमने ११ फेब्रुवारी २००५ च्या टिपणात पुन्हा स्पष्ट केले आहे. ख्रिस्तशरीर आजाऱ्यापर्यंत नेण्यासाठी मात्र १९७३ पासून सामान्य श्रद्धावंतांनाही नेमता येते, आणि आमच्या भागातील धर्मभगिनी व काही प्रापंचिक सेवक हे काम निष्ठेने करतात. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अंथरुणाला खिळलेल्यांकडे ख्रिस्तशरीर नेण्याची प्रथा आहे. त्या दिवशी घरातला माणूस ‘आजीने आत्ताच चहा घेतला, आता कसे चालेल?’ असे म्हणून संकोचतो. वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना ख्रिस्तशरीरापूर्वीच्या तासाभराच्या उपवासाचे बंधन नाही. चहा घेतलेला चालतो.

आणि धर्मगुरू पोहोचूच शकले नाहीत तर? करोनाच्या दिवसांत हा प्रश्न साऱ्या जगापुढे उभा राहिला. २० मार्च २०२० रोजी रोमहून निघालेल्या आज्ञापत्रात, संस्कार न घेता मरणाऱ्यांना, त्यांची मनाची तयारी असेल आणि आयुष्यात त्यांनी काही प्रार्थना नेमाने केलेली असेल तर, चर्च स्वतःच पूर्ण दंडमुक्ती, म्हणजे क्षमा झालेल्या पापांबद्दल उरलेल्या शिक्षेतून सूट, बहाल करते, असे सांगितले गेले. मनापासून, देवावरील प्रेमातून झालेला पश्चात्ताप, पुढे शक्य होताच पापनिवेदन करण्याच्या निश्चयासह, गंभीर पापांचीही क्षमा मिळवून देतो, ही तर फार जुनी शिकवण आहे. म्हणून फादरांची वाट पाहताना घरच्यांनी नुसते रडत बसू नये. रुग्णाच्या कानाशी, सावकाश, त्याच्या बोलीत पश्चात्तापाची प्रार्थना म्हणावी. त्याच्या हातात खुरीस द्यावा. येशूचे आणि मारियेचे नाव उच्चारावे. ऐकण्याची शक्ती कधी जाते ते आपल्याला कळत नाही, म्हणून रुग्ण बेशुद्ध दिसतो आहे या कारणाने त्याच्या खाटेशी जमिनीच्या वाटणीच्या गोष्टी करू नयेत. त्या मी फार ऐकल्या आहेत. प्राण गेला की नाही याची शंका असेल तरी फादरांना बोलवावेच, कारण शंका असेल तर संस्कार द्यावा असाच नियम आहे.

दरवर्षी ११ फेब्रुवारी हा दिवस लूर्दच्या मातेच्या सणानिमित्त जागतिक रुग्णदिन म्हणून पाळला जातो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी तो १९९२ मध्ये जाहीर केला आणि १९९३ पासून तो सुरू झाला. त्या सुमारास अनेक चर्चमध्ये वृद्ध आणि आजारी माणसे पुढच्या बाकांवर बसून एकत्र तैलाभ्यंग घेतात. शेजारच्या घरातल्या आजी तेल घेऊन दुसऱ्या दिवशी बाजारात दिसल्या की मरणाशी बांधलेली ती गाठ आपोआप सैल होते, म्हणून मला ही पद्धत आवडते. फक्त गर्दीच्या ओघात साध्या सर्दी-पडशाची माणसेही रांगेत उभी केली जातात, ते बरे नाही. सरसकट सर्वांना तेल लावू नये, असे विधिग्रंथच सांगतो. आशीर्वाद वेगळा आणि संस्कार वेगळा.

आमच्या धर्मग्रामांतील छोट्या ख्रिस्ती समूहांना मी एवढेच सुचवीन, की वाडीत कोणाला कर्करोगाचे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे निदान झाले की त्याच आठवड्यात फादरांना कळवावे, ‘सहज भेटायला’ म्हणून का होईना. पहिल्या भेटीत चहा होईल, दुसऱ्या भेटीत गप्पा, आणि कुमसाराची गोष्ट रुग्ण स्वतःच काढील. मी स्वतः ६८ वर्षांची आहे. माझ्या पर्समध्ये आधार कार्डाच्या पाकिटात मराठीत लिहिलेली एक चिठ्ठी आहे: ‘मी कॅथलिक आहे. मला गंभीर आजार झाल्यास किंवा अपघात झाल्यास जवळच्या चर्चमध्ये कळवावे. मी शुद्धीत असेन तर आधी फादर, मग गुंगीचे इंजेक्शन. उशीर परवडत नसेल तर डॉक्टरांचे ऐकावे.’ खाली फादरांचा आणि मुलाचा फोन नंबर आहे. मुलाला ती चिठ्ठी दाखवली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. मग त्याने ती वाचली, पेन मागितले आणि आपला नवा नंबर नीट लिहून दिला.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग